अँप्लिफायरचे वजन कुठे गेले?

आमच्या परिचयाचा एक माजी विद्यार्थी पुण्यात जॅझ गिटार वाजवतो. कार्यक्रमाला निघताना गिटार पाठीवर असते, आणि स्कूटरवर पाय ठेवायच्या जागेत मावेल तेवढाच अँप्लिफायर बरोबर नेता येतो. नवा अँप्लिफायर घ्यायचा म्हणून तो दुकाने हिंडला आणि एक दिवस आमच्याकडे कोडे घेऊन आला. "एका मित्राकडे पंधरा वॅटचा जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आहे. तो खोली दणाणून सोडतो. दुकानात मला शंभर वॅटचा छोटा डबा दाखवला, तोही साधारण तेवढाच वाजतो. मग मधले पंच्याऐंशी वॅट गेले कुठे?"

प्रश्न आम्हांला फार आवडला. त्याचे उत्तर द्यायला जवळजवळ नव्वद वर्षे मागे जावे लागते, आणि वाटेत भेटतात ते ट्रान्सफॉर्मर, उष्णता, चुंबक आणि पेटीतली हवा. बहुतेक सारे आपल्या पाठ्यपुस्तकातलेच.

गिटारला ध्वनिवर्धक लागलाच का?

'शाकुंतल'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग पुण्यात आनंदोद्भव नाटकगृहात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला, तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवायचे ते नटाच्या गळ्याने. पुढची पन्नासएक वर्षे संगीत नाटक असेच चालले. साथीची वाद्ये गळ्याच्या खाली राहत, त्यामुळे ते जमत असे. अमेरिकेतल्या जॅझच्या वाद्यमेळात मांडणी उलटी होती. तिथे ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्या गर्दीत गिटारला जागा शोधायची होती. गिटारची तार बारीक. ती स्वतः हवा फारशी हलवत नाही. लाकडी पोटाच्या मदतीने जेवढी हलेल तेवढीच. म्हणून गिटारवाल्याचे काम एकच, ठेक्याबरोबर स्वरमेळ छेडत राहणे. काउंट बेसीच्या वाद्यवृंदातले फ्रेडी ग्रीन १९३७ पासून १९८७ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, विजेच्या मदतीविना असेच वाजवत राहिले. त्यांची गिटार ऐकू येण्यापेक्षा जाणवायची.

हे संगीत आपल्याकडे लवकर आले. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद आला, पुढे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले, आणि गोव्याच्या चर्चशाळांत नोटेशन शिकलेल्या वादकांनी ही विद्या पटकन उचलली. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रंपेट वाजवू लागले. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणे शिकलेल्या सी. रामचंद्रांनी 'अलबेला' (१९५१) या चित्रपटाच्या संगीतात त्यांना बरोबर घेतले. ती गाणी आजही आपल्या कानांत आहेत. त्यांतला ट्रंपेट चटकन आठवतो. गिटार आठवून पाहा.

बोलपटाचे भावंड

गिटारला वर काढणारे यंत्र आधी गिटारसाठी जन्मलेच नाही. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी निर्वात नळीत तिसरा विद्युतअग्र, म्हणजे जाळी, बसवली. जाळीवरच्या क्षीण विद्युतदाबाने मोठा प्रवाह कमीजास्त करता येऊ लागला. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी चुंबकाच्या फटीत हलणारे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी शंकू असा लाउडस्पीकर मांडला. आज आपल्या रेडिओत आहे तो त्याच घराण्यातला. या दोन शोधांना मोठे गिऱ्हाईक मिळाले ते बोलपटाचे. १९३१ साली 'आलम आरा', १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. १९३३ मध्ये प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली आणि डिसेंबर १९३६ मध्ये 'संत तुकाराम' पडद्यावर आला. थिएटरात तुकारामांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचवणारे यंत्र आणि गिटारचा अँप्लिफायर ही भावंडेच.

त्याच १९३६ साली अमेरिकेत गिब्सन कंपनीने 'ईएस १५०' ही विजेची गिटार बाजारात आणली. गिटार, अँप्लिफायर आणि जोडवायर मिळून किंमत सुमारे १५० डॉलर, त्यावरून हे नाव. तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तारेचे वेटोळे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. फॅरेडेचा नियम शिकवताना आम्ही नेहमी दांडाचुंबक आणि गॅल्व्हॅनोमीटर काढतो. वर्गात कुणाकडे इलेक्ट्रिक गिटार असेल तर तीच का आणू नये?

वेटोळ्यातून मिळतो व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास दाब. अँप्लिफायरने त्याचे सुमारे पंधरा वॅट केले. ही गिटार हातात घेऊन चार्ली ख्रिश्चन हा तेवीस वर्षांचा तरुण १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या वाद्यमेळात शिरला आणि सॅक्सोफोनसारखी एकेक स्वराची लांब वाक्ये गिटारवर बोलू लागला. क्षयाने तो मार्च १९४२ मध्ये गेला, वय अवघे पंचवीस. त्याच्यानंतर जॅझमधली गिटार पुन्हा मागच्या रांगेत बसली नाही. पंधरा वॅटनी एवढे केले हे लक्षात असू द्या.

तीन ठिकाणचे लोखंड

व्हॉल्व्हचा अँप्लिफायर जड का? कारण त्यात लोखंड तीन ठिकाणी असते. घरातली वीज व्हॉल्व्हला लागणाऱ्या काहीशे व्होल्टपर्यंत चढवणारा ट्रान्सफॉर्मर हे पहिले. व्हॉल्व्हला हजारो ओहमचा रोध जुळतो आणि लाउडस्पीकर असतो आठ ओहमचा; दोघांची सोयरीक जमवणारा दुसरा ट्रान्सफॉर्मर. आणि तिसरे, लाउडस्पीकरचे चुंबक. भरीला उष्णता. १९३६ मध्येच निघालेल्या '६ एल ६' या प्रसिद्ध व्हॉल्व्हची वात तापवायलाच ६.३ व्होल्टवर ०.९ अँपिअर, म्हणजे पावणेसहा वॅट लागतात. १९६३ सालच्या फेंडर 'ट्विन रिव्हर्ब'मध्ये असे चार व्हॉल्व्ह होते. सूर निघण्याआधीच बावीस-तेवीस वॅट नुसत्या वाती तापवण्यात गेले. त्याची शक्ती ८५ वॅट, बारा इंची लाउडस्पीकर दोन, आणि वजन सुमारे २९ किलो. आपल्याकडे तर ११० व्होल्टचे परदेशी यंत्र आणले की त्याच्यासाठी दाब उतरवणारा आणखी एक ट्रान्सफॉर्मर वेगळा उचलावा लागे!

ट्रान्झिस्टर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत जन्मला, आणि साठच्या दशकात ट्रान्झिस्टरचे गिटार अँप्लिफायर निघू लागले. वात गेली, दुसरा ट्रान्सफॉर्मरही गेला, कारण ट्रान्झिस्टर कमी दाबाला मोठा प्रवाह देतो आणि आठ ओहमला थेट जोडता येतो.

इथे इतिहासाने एक गमतीचे वळण घेतले. रॉक वाजवणाऱ्यांनी ट्रान्झिस्टरला नाक मुरडले. त्यांना अँप्लिफायर त्याच्या मर्यादेपलीकडे ताणून फाटलेला आवाज हवा असतो, आणि ताणलेला व्हॉल्व्ह गोड फाटतो, ट्रान्झिस्टर कर्कश. जॅझवाल्याला फाटलेला आवाज नकोच. त्याला जाड, गोल, स्वच्छ स्वर हवा. म्हणून हलक्या यंत्राकडे तो आधी वळला. टॉमी ग्युमिना हे जॅझमधले अकॉर्डियनवादक. त्यांनी 'पॉलिटोन' नावाचे आटोपशीर ट्रान्झिस्टर अँप्लिफायर काढले आणि जो पास यांच्यासारख्या श्रेष्ठ गिटारवादकाने ते वापरले. आम्हांला हे बोलके वाटते. यंत्राचा जो दोष एका संगीतात खटकतो, तो दुसऱ्या संगीतात उद्भवतच नाही.

पण ट्रान्झिस्टर आला म्हणून वजन संपले असे मात्र नाही. रोलंड कंपनीचा १९७५ चा 'जॅझ कोरस १२०' पूर्ण ट्रान्झिस्टरचा, तरी वजन २८ किलोच्या आसपास. दोन बारा इंची लाउडस्पीकर राहिले, मोठी पेटी राहिली, आणि पहिला ट्रान्सफॉर्मरही राहिला.

पंख्याचा रेग्युलेटर

तो पहिला ट्रान्सफॉर्मर घालवायचा कसा? वेढ्यांत निर्माण होणारा विद्युतदाब हा वारंवारता, वेढ्यांची संख्या, गाभ्याचे क्षेत्रफळ आणि चुंबकीय प्रवाहघनता या चौघांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. घरातली वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणून गाभा जाडजूड. (अमेरिकेत ती ६०, त्यामुळे त्यांचा ट्रान्सफॉर्मर आपल्यापेक्षा थोडा लहान चालतो.) वारंवारता वाढवली तर तेवढाच दाब छोट्या गाभ्यावर मिळेल. आजचा वीजपुरवठा हेच करतो. येणारी वीज आधी एकदिश करायची, मग सेकंदाला लाखभर वेळा तोडायची-जोडायची आणि सुपारीएवढ्या फेराइटच्या गाभ्यातून न्यायची. मोबाइलचा चार्जर पूर्वीच्या बॅटरी एलिमिनेटरपेक्षा इतका हलका आहे, तो यामुळेच. असा पुरवठा बहुधा ११० व्होल्टलाही चालतो आणि २३० लाही.

आवाज वाढवण्याच्या टप्प्यावरही तीच युक्ती वापरता येते. जुन्या घरांत पंख्याचा काळा, मोठा रेग्युलेटर असे. त्यात रोध असायचा. पंखा हळू केला की रेग्युलेटर तापायचा. नवा छोटा रेग्युलेटर तापत नाही, कारण तो वीज अडवून धरत नाही. प्रत्येक आवर्तनात काही काळ पूर्ण बंद राहतो आणि काही काळ पूर्ण चालू. पूर्ण बंद असताना प्रवाह नाही, पूर्ण चालू असताना त्याच्यावर दाब जवळजवळ नाही. दोन्ही वेळा गुणाकार शून्याजवळ. नेहमीचा ट्रान्झिस्टर अँप्लिफायर जुन्या रेग्युलेटरसारखा अर्धवट उघडा राहतो. पूर्ण आवाजातसुद्धा त्याची कार्यक्षमता ७८.५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. आवाज उतरवून बाहेर जाणारा विद्युतदाब चौथाईवर आणला तर ती वीस टक्क्यांपर्यंत घसरते. उरलेली सगळी उष्णता, आणि ती घालवायला ॲल्युमिनियमच्या पंख्या. जॅझची मैफल तर बराच वेळ हलक्या आवाजातच चालते.

चालू-बंद पद्धतीला 'क्लास डी' म्हणतात. सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद करायचे आणि चालू राहण्याचा काळ स्वराच्या चढउताराप्रमाणे कमीजास्त करायचा. कल्पना जुनी आहे. १९६४ मध्ये इंग्लंडच्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी 'एक्स १०' नावाचा असा संच विकायला काढला होता. तो फसला, कारण त्या काळचे ट्रान्झिस्टर इतक्या वेगाने उघडझाप करू शकत नव्हते. चपळ मॉसफेट हाती आल्यावर, नव्वदीनंतर, ही पद्धत खऱ्या अर्थाने वापरात आली. कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या घरात गेली आणि पंख्या जवळजवळ गळून पडल्या. लाउडस्पीकरच्या चुंबकाचे ओझेही त्याआधीच उतरण्याच्या वाटेवर होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिका या दोन ठिकाणी स्वतंत्रपणे निओडायमियमचे चुंबक तयार झाले होते. फेराइटच्या जाड चकतीचे काम आता त्याचा छोटा तुकडा करतो.

न हटणारा नियम

मग पंच्याऐंशी वॅटचे काय? उत्तर हवेत आहे.

लाउडस्पीकरच्या पेटीविषयी जे. अँटन हॉफमन या अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे. लाउडस्पीकरची कार्यक्षमता ही पेटीचे घनफळ गुणिले सर्वांत खालच्या वाजणाऱ्या वारंवारतेचा घन, या प्रमाणात असते. म्हणजे छोटी पेटी, खोल खर्ज आणि उत्तम कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. दोन निवडायच्या, तिसरी सोडायची. ट्रान्झिस्टर आला, निओडायमियम आले, तरी हा नियम हटला नाही, कारण तो हवेच्या लवचिकपणातून आणि हलणाऱ्या शंकूच्या वस्तुमानातून येतो.

आता हिशोब करू. बारा इंची चांगला गिटार लाउडस्पीकर एका वॅटला एक मीटरवर साधारण १०० डेसिबेल देतो असे धरू. छोट्या पेटीतला साडेसहा किंवा आठ इंची ९२ देतो असे धरू. आकडे नमुन्याचे आहेत, पण अवास्तव नाहीत. पंधरा वॅट म्हणजे एका वॅटच्या वर सुमारे १२ डेसिबेल, एकूण ११२. शंभर वॅट म्हणजे २० डेसिबेल वर; ९२ आणि २० मिळून तेवढेच ११२! आमच्या विद्यार्थ्याचा कान बिनचूक होता. मधले पंच्याऐंशी वॅट वाया गेलेले नाहीत. पेटी लहान केल्याचा तो कर आहे. पूर्वी वॅट महाग आणि जड होते, म्हणून मोठी, कार्यक्षम पेटी परवडे. आता वॅट स्वस्त आणि बिनवजनाचे झाले, म्हणून ते खर्चून आपण लहान पेटी विकत घेतो. डब्यावरचा वॅटचा आकडा म्हणजे आवाजाचे माप, अशी समजूत मात्र जुन्या काळातच राहिली.

याचा पुरावा एका कंपनीने आयताच दिला आहे. २०१९ मध्ये फेंडरने त्याच 'ट्विन रिव्हर्ब'ची 'टोन मास्टर' ही नवी आवृत्ती काढली. व्हॉल्व्हच्या जागी अंकीय अनुकरण आणि क्लास डी, चुंबके निओडायमियमची, पेटी हलक्या पाइनची. वजन २९ वरून सुमारे १५ किलोवर आले. पण बारा इंची लाउडस्पीकर दोनच्या दोन ठेवले आणि पेटीचा आकारही जुन्यासारखाच. वजन निम्मे झाले तरी स्कूटरच्या पायापाशी ती मावणार नाही.

जॅझ गिटारवाल्याचे नशीब असे की त्याची सर्वांत खालची मोकळी तार ८२ हर्ट्झला वाजते. त्यापेक्षा खोल जायची गरज नाही, म्हणून आठ इंची लाउडस्पीकरची पेटी त्याला पुरते. शिवाय, मूळ वारंवारता थोडी क्षीण असली तरी वरच्या पटींवरून आपला मेंदू ती भरून काढतो. जर्मन बनावटीच्या 'एईआर कॉम्पॅक्ट ६०' या अँप्लिफायरचे वजन साडेसहा किलो, शक्ती ६० वॅट, लाउडस्पीकर एकच, आठ इंची. खरे तर तो ध्वनिक गिटारसाठी केलेला, पण जॅझवालेही वापरतात. खास जॅझसाठी म्हणून विकले जाणारे छोटे संचही आता सात-आठ किलोंत मिळतात.

आणखी एका कारणाने लहान पेटी चालते. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सनी खास बनवून घेतलेले शंभर वॅटचे अँप्लिफायर नेले, तरी पंचावन्न हजारांच्या गर्दीपुढे ते लुळे पडले. तेव्हा गिटारचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोचवायचे काम रंगमंचावरच्या अँप्लिफायरचेच होते. पुढे सभागृहाची स्वतंत्र ध्वनियोजना आली. १९७८ मध्ये मुंबईच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा भरली. भिंती आणि छप्पर नसलेल्या अशा खुल्या जागेत आवाज परतून येतच नाही, तिथे या योजनेवाचून गत्यंतर नसते. आज मोठ्या कार्यक्रमात गिटारचा संकेत त्या योजनेला देता येतो, आणि शेजारची पेटी वाजवणाऱ्याच्या व सोबत्यांच्या कानांपुरती उरते.

आम्ही त्याला इतकेच सांगितले. वॅटचा आकडा शेवटी वाच. आपली गिटार घेऊन दुकानात जा आणि खालच्या दोन तारा वाजवून बघ. मोठ्या आवाजात स्वर गोल राहतो की पेटी खोकते? जॅझची पोकळ पोटाची गिटार पेटीचा आवाज स्वतःच पकडून घुमू लागते, तेव्हा जवळ बसूनही वाजवून बघ. जमिनीवर, भिंतीच्या कोपऱ्यात पेटी ठेवली की खर्ज फुकटात वाढतो, खुर्चीवर ठेवली की स्पष्टता वाढते. आणि दुरुस्तीचे विचारून ठेव. जुना व्हॉल्व्हचा संच रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर उघडून बसत असे. नव्याच्या पाटीवरचे भाग तिळाएवढे असतात, एक बिघडला की अनेकदा अख्खी पाटीच बदलावी लागते. हलकेपणाची ही किंमत आम्हांला अजून पुरती पचलेली नाही.

वर्गात करून पाहायचे असेल तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जा. टीडीए २०३० या चिपची तयार पाटी घ्या, ही जुन्या पद्धतीची. पीएएम ८४०३ ची घ्या, ही क्लास डी. दोन्हींना एकच जुना लाउडस्पीकर आळीपाळीने जोडून सारख्याच आवाजात गाणे लावा. दहा मिनिटांनी, हात जपून, दोन्ही चिपांना बोट लावा. मग लाउडस्पीकर नुसता वाजवा, नंतर मध्ये गोल भोक पाडलेल्या मोठ्या पुठ्ठ्यावर बसवून वाजवा, आणि शेवटी बुटांच्या खोक्यावर. खर्ज केव्हा आला हे मुलांनाच सांगू द्या.

विद्यार्थ्याने आठ इंची घेतला. परवा तो पुन्हा आला होता, या वेळी बास गिटार वाजवणाऱ्या मित्राला घेऊन. बासची खालची तार ४१ हर्ट्झ, म्हणजे बरोबर निम्मी. त्यालाही स्कूटरवर मावणारी पेटी हवी होती. निम्म्याचा घन एक-अष्टमांश, तेव्हा तेवढ्याच कार्यक्षमतेसाठी पेटी आठपट. दोघांनी कागदावर हिशोब केला, एकमेकांकडे पाहिले आणि रिक्षाचे भाडे किती पडेल याची चर्चा सुरू केली.